साक्षीदार शाळेत येतो तेव्हा

इटलीतील एका प्राथमिक शाळेत पाचवीच्या मुलांसमोर बोलण्यासाठी प्रिमो लेव्ही गेले होते. व्यवसायाने ते रसायनतज्ज्ञ, जन्माने ज्यू, आणि आउश्वित्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेल्या थोड्या माणसांपैकी एक. त्यांचे बोलून झाल्यावर एका चुणचुणीत मुलाने विचारले, तुम्ही पळून का गेला नाहीत? लेव्हींनी समजावून सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही. त्याने त्यांच्याकडून फळ्यावर छावणीचा नकाशा काढून घेतला. मनोरे कुठे, दारे कुठे, तारांचे कुंपण कुठे, वीजघर कुठे. नकाशा नीट पाहून त्याने आपली योजना मांडली. रात्री पहारेकऱ्याला ठार करायचे, त्याचे कपडे अंगावर चढवायचे, वीज तोडायची. दिवे गेले, तारेतला प्रवाह गेला, की खुशाल चालते व्हायचे. शेवटी त्याने मनापासून बजावले की पुन्हा तसा प्रसंग आला तर मी सांगितले तसेच करा. लेव्हींनी ही आठवण १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे.

मावळातल्या एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवतो. नववीच्या वर्गाला ही हकिकत सांगितली तेव्हा मुले खळखळून हसली. पाचवीतल्या त्या मुलाचा भाबडेपणा त्यांच्या ध्यानात आला होता. परंतु हा प्रश्न केवळ भाबडेपणाचा आहे काय? आपल्या चळवळीतल्या तरुणांनी आपल्या आजोबांना हाच प्रश्न विचारलेला नाही काय? 'तुम्ही इतके सोसलेत कशाला? एकदा तरी हात का उचलला नाहीत?' हा प्रश्न विचारताना आपण संतापलेले असतो, आणि तो संताप खोटा नसतो. पण विचारणारा कुंपणाबाहेर उभा आहे आणि ज्याला विचारले जाते तो कुंपणाच्या आत होता, एवढी एक गोष्ट आपण विसरतो. संहारातून वाचलेला माणूस शाळेत येतो तेव्हा मुलांना काय कळते, काय कळत नाही आणि आपल्या शाळांना त्यातून काय घेता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

१

प्रथम लेव्हींविषयी. डिसेंबर १९४३ मध्ये फॅसिस्टांनी त्यांना पकडले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये ६५० माणसांबरोबर मालगाडीच्या डब्यांत कोंबून आउश्वित्झला पाठवले. गाडी थांबली तेव्हा फलाटावरच निवड झाली. ९६ पुरुष आणि २९ स्त्रिया कामाला योग्य ठरल्या. बाकी पाचशेवर माणसे, म्हणजे सगळी मुले, म्हातारे आणि बहुतेक आया, दोन दिवसांच्या आत मारली गेली. लेव्हींच्या हातावर १७४५१७ हा आकडा गोंदला गेला. पुढे तेच त्यांचे नाव झाले. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत फौज तेथे पोहोचली तेव्हा ते छावणीच्या दवाखान्यात आजारी पडून होते, म्हणून वाचले. आउश्वित्झ या एकाच ठिकाणी सुमारे ११ लाख माणसे मारली गेली. त्यांतली जवळजवळ १० लाख ज्यू होती. सर्व युरोपात मिळून ज्यूंचा आकडा ६० लाखांच्या घरात जातो, आणि त्यांत सुमारे १५ लाख मुले होती.

छावणीत लेव्हींना एक स्वप्न वारंवार पडे. आपण घरी परतलो आहोत, बहीण आणि स्नेही भोवती बसले आहेत, आपण झालेले सगळे सांगतो आहोत, आणि ते ऐकतच नाहीत. आपापसांत भलतेच बोलतात. बहीण उठून निघून जाते. हे स्वप्न त्यांनी सोबत्याला सांगितले तेव्हा कळले की त्यालाही हेच स्वप्न पडते, आणि आणखी कितीतरी जणांना पडते. भूक, थंडी आणि मार यांच्याइतकीच भीती त्या माणसांना या गोष्टीची वाटत होती, की आपले कोणी ऐकणार नाही.

ते स्वप्न काही काळ खरेही ठरले. लेव्हींनी लिहिलेले पहिले पुस्तक मोठ्या प्रकाशकाने नाकारले. १९४७ साली एका लहान प्रकाशकाने त्याच्या २,५०० प्रती काढल्या. त्याच मोठ्या प्रकाशकाला ते पुस्तक छापावेसे वाटायला १९५८ साल उजाडावे लागले. युद्ध संपलेले होते, लोकांना घरे बांधायची होती, जुने कोणाला नको होते. १९६१ साली जेरुसलेमला आइखमानवर खटला चालला. शंभरावर साक्षीदार उभे राहिले, आणि तेव्हा कुठे जगाने कान दिला. पुढे लेव्ही शाळाशाळांतून गेले. मुलांचे प्रश्न तेच ते असत. म्हणून १९७६ साली त्यांनी पुस्तकाच्या शालेय आवृत्तीला त्या प्रश्नांची उत्तरे जोडली. लोकांना माहीत नव्हते काय? तुम्ही बंड का केले नाही? तुम्हाला द्वेष वाटत नाही काय?

दलित साहित्याच्या वाचकाला हा इतिहास परका वाटणार नाही. 'बलुतं' १९७८ साली आले, 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, 'उपरा' १९८० साली, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने. त्याआधी ती माणसे मुकी नव्हती. चावडीच्या मागे, गिरणीच्या चाळीत, रात्रीच्या जलशात ती बोलतच होती. ऐकणारा मात्र नव्हता. साक्ष ही बोलणाऱ्याने एकट्याने पुरी होत नाही. तिला ऐकणारा लागतो.

२

लेव्हींची हकिकत दोन तास सांगून झाल्यावर मी मुलांना कोरे कागद दिले. नाव लिहू नका, मनात आले ते लिहा, एवढेच सांगितले. चाळीसएक कागद जमले. ते वाचताना मला माझ्या वर्गाची नव्याने ओळख झाली.

पुष्कळांनी लिहिले होते, 'वाईट वाटले.' काहींनी लिहिले होते, 'देव असे का होऊ देतो?' तीन-चार कागदांवर मात्र हिटलरचे कौतुक होते. तो कडक होता, त्याने देशाला शिस्त लावली, आपल्याकडेही असाच माणूस पाहिजे. मी दचकलो, पण दचकण्याचे कारण नव्हते. हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद पदपथावरच्या पुस्तकवाल्याकडे सहज मिळतो. वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' पुष्कळ शिक्षकांच्या कपाटात असते, पण ते उघडून मुलांना कोणी वाचून दाखवत नाही. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीच्या वंशधोरणाची वाखाणणी करणारी लेखणी आपल्या देशातही चालली होती. मुले ती हवा घेऊनच वर्गात येतात. त्यांना रागावून उपयोग नसतो. शिस्त कोणाच्या मानेवर पाय देऊन आली, हे त्यांना तपशिलाने दाखवावे लागते.

एका कागदावर एकच प्रश्न होता: 'ती गाडी कोण चालवत होते?' लोणावळा हे रेल्वेचे गाव आहे. इथल्या कितीतरी घरांत कोणी गँगमन, कोणी पॉइंट्समन, कोणी तिकीट खिडकीवर. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी स्टेशने मोजत पुण्याला जाणारी लोकल ही आमच्या मुलांची रोजची गोष्ट. म्हणूनच हा प्रश्न सुचला असावा. त्याचे उत्तर सगळ्या वर्गाला हादरवून गेले. ज्यूंना मरणाकडे नेणाऱ्या त्या गाड्या जर्मन सरकारी रेल्वेने रीतसर भाडे लावून चालवल्या. तिसऱ्या वर्गाचा दर, जाण्यापुरता. दहा वर्षांखालच्या मुलाला अर्धे तिकीट, चार वर्षांखालच्याला माफ. चारशेवर माणसे असतील तर गटाची सवलत. पहारेकऱ्यांना मात्र जाण्यायेण्याचे. कोणीतरी कारकुनाने हा हिशेब टाचणीने लावून फायलीत ठेवला असेल आणि संध्याकाळी घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेतला असेल.

मुलांना राक्षस समजतो, कारण गोष्टीत तो भेटलेला असतो. कारकून समजायला वेळ लागतो. आणि कारकून समजल्याखेरीज संहार समजत नाही. तो एका रात्रीत झाला नाही. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला शाळा-महाविद्यालयांतील नव्या प्रवेशांत त्यांचे प्रमाण दीड टक्क्यावर बांधले. सप्टेंबर १९३५ मध्ये न्युरेंबर्गच्या कायद्यांनी नागरिकत्व गेले आणि त्यांच्याशी लग्न करणे गुन्हा ठरले. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत प्रार्थनामंदिरे जाळली, दुकाने फोडली, आणि आठवड्याभरात उरलेल्या ज्यू मुलांना जर्मन शाळांतून हाकलून दिले. सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीत छातीवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे येथे अधिकाऱ्यांनी बैठक घेतली. युरोपभरच्या ज्यूंच्या संहाराचे काम कोणत्या खात्याने कसे उचलायचे, हे तेथे ठरले. फळ्यावर ही साले एकाखाली एक लिहिली तेव्हा एक मुलगी म्हणाली, 'सर, म्हणजे सुरुवात ऑफिसात आणि शाळेत झाली.' माझ्या दोन तासांत जे मला नेमके सांगता आले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले.

आणि एका कागदावर, बारीक अक्षरात, एवढेच होते: 'माझी आजीपण अशीच मधेच गप्प होते.'

३

या शेवटच्या कागदाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलांना वाटते की हा सगळा दूरदेशीचा मामला आहे. तसे नाही. हिटलरच्या राज्यातून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासित मुंबईत उतरले होते. १९३४ साली तेथे त्यांच्या मदतीसाठी संस्था उभी राहिली. आकाशवाणीची जी सुरावट आपण वर्षानुवर्षे पहाटे ऐकली, ती बांधणारे वॉल्टर कॉफमन हे असेच आलेले ज्यू संगीतकार. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने यांतल्या काहींना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरवले आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदरच्या किल्ल्यावर, नजरकैदेत ठेवले. ज्या जर्मनीने त्यांना माणसांतून काढले, त्याच जर्मनीचे नागरिक म्हणून त्यांना कैद झाली. कागदावरचा शिक्का माणसाला कसा छळतो याचा असा दाखला आमच्या गडावर आहे, आणि आमची सहल तिथे जाऊन फक्त तह शिकून परत येते.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची हकिकत अधिक माहितीची आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते हिटलरच्या छावणीतून आलेले नव्हते. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले होते, आणि इराणमार्गे ते येथे पोहोचले. हा फरक मुलांना नीट सांगितला पाहिजे. सगळी दुःखे एका पोत्यात भरू नयेत. त्या छावणीत बालपण गेलेली माणसे २०१९ साली, म्हातारपणी, पुन्हा कोल्हापूरला आली. लोकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. ते योग्यच झाले.

पण इथे थोडे थांबून स्वतःला विचारले पाहिजे. निर्वासितांची गोष्ट आपण इतक्या आवडीने का ऐकतो? कारण त्या गोष्टीत आपण चांगले असतो. आपण आसरा देणारे असतो. ज्या गोष्टीत आपण अपराध्याच्या बाजूला उभे असतो, ती गोष्ट ऐकायला आपल्या गावात मांडव पडत नाही.

४

ज्यूंचा संहार आणि आपल्याकडची अस्पृश्यता यांची तुलना करावी काय? बाबासाहेबांनी ती केली होती. गांधीजी आणि अस्पृश्यांची मुक्ती या विषयावरील त्यांचे लेखन १९४३ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यता यांना एकाच मापाने मोजले. जग एका अन्यायाविरुद्ध लढते आणि दुसऱ्याकडे पाहतही नाही, हा त्यांचा रोख होता. परंतु त्याच बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' आणि 'अस्पृश्य' या ग्रंथांत जातीला वंश समजणाऱ्या आर्यसिद्धान्ताचे खंडनही केले. म्हणजे तुलना करताना साम्य आणि भेद दोन्ही हातात धरावेत, हा धडा त्यांच्याकडूनच मिळतो.

साम्य हे, की दोन्हीकडे गुन्हा जन्माचा होता. माणसाने काय केले याला किंमत नव्हती, तो कोणाच्या पोटी आला याला होती. दोन्हीकडे स्पर्श, लग्न, पाणी, वस्ती आणि शाळा यांवर पहारा होता. दोन्हीकडे पहारा करणारे बहुतेक लोक साधे, कुटुंबवत्सल होते.

भेद हे. नाझींना ज्यू पृथ्वीवर नको होते. त्यांनी बारा वर्षांच्या सत्तेत तो बेत जवळजवळ तडीस नेला. इथल्या व्यवस्थेला अस्पृश्य हवा होता. मेलेले ढोर ओढायला, सांगावा न्यायला, गाव झाडायला, बिनदामाने राबायला. म्हणून त्याला जगू दिले, पण त्याच्या जगण्याची उंची ठरवून दिली आणि तो ताठ उभा राहिला की मारले. तिथला अत्याचार ज्वाळेसारखा होता, इथला धगीसारखा शतकानुशतके. दुसरा भेद कायद्याचा. जर्मनीतल्या ज्यूंना १८७१ पासून समान नागरिकत्व होते. कायदा करून ते काढून घेतले गेले. इथे आधी धर्मशास्त्रानेच माणूसपण नाकारलेले. १९५० साली संविधानाच्या सतराव्या कलमाने ते दिले, आणि समाजाने आजवर ते पुरते पोहोचू दिलेले नाही. तिथे कायदा पुढे गेला आणि समाज मागोमाग चालला. इथे कायदा पुढे उभा आहे आणि समाज जागचा हलत नाही.

तिसरे एक नाते आहे ते आपल्या अभ्यासक्रमात कधीच येत नाही. नाझींनी रोमा लोकांनाही मारले. हे युरोपभर भटकणारे, 'जिप्सी' म्हणून हिणवले गेलेले लोक. त्यांच्या भाषेत एक, दोन, तीन यांना येख, दुय, त्रिन म्हणतात. कारण त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी याच भूमीतून निघाले. त्यांच्यातील मृतांचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री बिर्केनाऊच्या छावणीत चार हजारांवर रोमा स्त्री-पुरुष आणि मुले एकदम मारली गेली. त्यांचाही वंशसंहार झाला हे जर्मन सरकारने मान्य केले ते १९८२ साली. कोणाची साक्ष किती उशिरा ऐकली जाते, यालाही उतरंड असते. आणि आपल्याकडे? १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणाआड हजेरी देत माणसे वाढली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलिसाच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. 'उचल्या' वाचलेल्या विद्यार्थ्याला रोमांची कहाणी समजायला वेगळी शिकवणी लागत नाही.

५

आता त्या बारीक अक्षराच्या कागदाकडे. तो कोणाचा ते मी शोधले नाही. पण त्यानंतर मी गावातल्या बौद्ध वस्तीतल्या एका आजीला वर्गात बोलायला बोलावले. स्टाफरूममध्ये कुरबुर झाली. 'कशाला जुनी मढी उकरता? पोरं एकत्र डबा खातात, त्यांच्यात विष कालवू नका.' मी ऐकले नाही. मी स्वतः अशाच वस्तीत वाढलो, आणि तरीही इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाला शाळेने बोलायला बोलावावे हे मला सुचले नव्हते, याची मला लाज वाटत होती.

आजी बोलल्या. शाळेच्या ओट्यावर बसायचे, वर्गात नाही. मास्तर पाटी दुरून बघायचे आणि छडी हातून मारायच्याऐवजी फेकून मारायचे. तहान लागली तर कोणी वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून थांबायचे. २५ डिसेंबर १९५४ ला बापाच्या खांद्यावर बसून, काही चालत, देहूरोडला गेल्या. बाबासाहेबांनी ब्रह्मदेशातून आणलेली बुद्धमूर्ती त्या दिवशी तिथे बसवली गेली. 'मला काय दिसलं नाय, नुसती मानसंच मानसं. पन बाप रडत व्हता, तेवढं दिसलं.'

मग हात वर झाला. इटलीतल्या मुलाला हसणाऱ्यांत जो पुढे होता, त्याचाच. 'आजी, तुम्ही मास्तरांना उलटून का बोलला नाहीत?'

आजी थोड्या थांबल्या. 'बोलले असते रे बाळा. पन सांजच्याला भाकर त्यांच्याच दारात मागायची व्हती.'

तारांचे कुंपण, त्यातली वीज, मनोरे, पहारेकरी, सगळे त्या एका वाक्यात होते. वर्गाने ते ओळखले. या वेळी कोणी हसले नाही.

इथे हा लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. पण पुढे जे झाले तेही सांगितले पाहिजे. तास सुटल्यावर वस्तीतलाच एक मुलगा माझ्याजवळ आला. त्याचा आवाज कापत होता. 'सर, तुम्ही आजीला आणायला नको होतं. ती बोलत होती तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते.' त्याला उत्तर देण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. दूरच्या माणसाची साक्ष ऐकताना वर्ग एक असतो. जवळच्या माणसाची साक्ष सुरू झाली की वर्गाचे दोन भाग पडतात, आणि त्या भेगेवर एक चौदा वर्षांचा मुलगा उभा असतो. मी ती भेग पाडली नव्हती. पण त्याला न विचारता त्याला तिच्यावर उभे केले होते, हा माझाच दोष.

चार दिवसांनी दुसरा मुलगा आला, गावातल्या बागायतदार घरातला. त्याने आपल्या आजीला विचारले होते. आधी ती म्हणाली, 'आपल्यात तसलं काही नव्हतं.' मग दोन दिवसांनी भाकऱ्या थापताना आपण होऊन म्हणाली, 'गोठ्याच्या वळचणीला एक कप असायचा खरा.' त्या मुलाला हे कोणाला तरी सांगायचे होते, म्हणून मला सांगितले. मला वाटते त्या सबंध वर्षातला माझा सर्वांत मोठा धडा हाच. सोसणाऱ्याची साक्ष आपल्याजवळ आहे. ज्यांच्या घरात तो कप होता त्यांची साक्ष अजून यायची आहे, आणि ती त्यांच्याच नातवंडांनी मागितली तर येईल.

६

विद्यार्थ्यानेच साक्षीदार व्हावे, ही गोष्ट पुणे जिल्ह्याला नवीन नाही. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. पेशवाईतले क्रौर्य आणि धर्माची बंद दारे तिने आपल्या जातीची एक मुलगी म्हणून मांडली. बाबासाहेबांनीही आपले शाळेतले दिवस, लहानपणी वडिलांना भेटायला निघाले तेव्हाचा प्रवास, बडोद्याचा मुक्काम आणि दौलताबादच्या किल्ल्यातले पाणी या आठवणी एका छोट्या इंग्रजी पुस्तिकेत लिहून ठेवल्या. तीही छापली गेली १९९० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तेहेतीस वर्षांहून अधिक काळाने.

ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे, हेही आपण पाहिले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. ते एकटे वाचले. त्यांनी साक्ष दिली, शिक्षाही झाल्या. परंतु हा गुन्हा जातीमुळे घडला असे न सत्र न्यायालयाने मानले, न उच्च न्यायालयाने. २०१७ साली ते वारले. साक्षीदाराचे शब्द टिपून घेतले गेले, त्यातली जात वगळली गेली.

म्हणून शिक्षक आणि कार्यकर्त्या मित्रांना अनुभवातून आलेल्या चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, साक्षीदाराला वर्गात आणण्याआधी त्याच्या जातीच्या मुलांशी बोला. त्यांची तयारी नसेल तर थांबा. दुसरी, साक्षीआधी इतिहास शिकवा. कोणता कायदा, कोणते साल, कोणते खाते, हे माहीत नसलेला वर्ग फक्त हळहळतो, आणि हळहळ घरी पोहोचेपर्यंत वाळून जाते. तिसरी, 'तुम्हाला कसे वाटले?' एवढ्यावर थांबू नका. 'तेव्हा तिथे आणखी कोण होते, आणि त्यांनी काय केले?' हा प्रश्न मुलांना शिकवा. चौथी, सगळ्याच मुलांना आपापल्या घरी विचारायला पाठवा, ज्यांनी सोसले त्यांच्याही आणि ज्यांनी सोसायला लावले त्यांच्याही.

घाई करायला कारण आहे. आउश्वित्झ मुक्त होऊन २०२५ साली ऐंशी वर्षे झाली. आज जे हयात आहेत ते तेव्हा लहान मुले होते. त्यांच्यासाठी जगाने सोय करून ठेवली आहे. १९९४ साली सुरू झालेल्या एका कामातच पन्नास हजारांवर साक्षी ध्वनिचित्रित झाल्या. आपल्याकडे देहूरोडची ती सभा पाहिलेली, पाटी दुरून तपासली गेलेली पिढी ऐंशीच्या घरात आहे, आणि तिचे बोलणे वस्तीच्या ओट्यावरच विरून जाते आहे. मावळात साक्षीदारांचा तोटा नाही. तळेगावला बाबासाहेबांचे घर आहे, कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखात 'मामाल' म्हणून याच मावळाचे नाव दोन हजार वर्षे कोरलेले आहे. दगडाने नाव जपले. माणसांचे बोलणे माणसांनीच जपावे लागेल.

तो कापऱ्या आवाजाचा मुलगा आता दहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने एक वही आणून माझ्या टेबलावर ठेवली. त्याच्या आजीने सांगितलेले त्याने लिहून काढले होते, सोळा पाने. मी विचारले, वर्गात वाचायचे काय? तो म्हणाला, 'नको सर. अजून नको. पण लिहून ठेवलंय.'

ती वही मी त्याला परत दिली. कधी वाचायची, कोणापुढे वाचायची, हे आता तो ठरवील.